न्यूरोसायन्स आणि वार्धक्य शिकलात, आता नागपुरात पुढे काय?

एमएस्सी झाली की एकच रस्ता दिसतो: नेट ही पात्रता परीक्षा, जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती, मग पीएचडी. रस्ता चांगलाच आहे. जानेवारी 2023 पासून जेआरएफला महिना 37,000 रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. मेंदूवर संशोधन करणाऱ्या संस्था, म्हणजे मानेसरचं एनबीआरसी, बंगळुरूचं निम्हान्स आणि सेंटर फॉर ब्रेन रिसर्च, ठाऊक हव्यातच. पण निकालाची वाट बघत घरी बसणं काही मला पटत नाही. माणसांच्या मेंदूच्या वार्धक्याचा अभ्यास म्हटला की स्मरणशक्तीची चाचणी नीट घेणारा माणूस लागतो. 'मेडिकल', मेयो किंवा मिहानमधल्या एम्सच्या न्यूरॉलॉजी, मानसोपचार विभागांत एखादा प्रकल्प सुरू आहे का, हे जाऊन विचारा.

चाचणी घेणं दिसतं तेवढं सोपं नाही. एमएमएसई ही स्मृती आणि आकलन तपासणारी नेहमीची चाचणी 30 गुणांची. तिच्यात वाचणं-लिहिणं येतं, म्हणून शाळेचं तोंड न पाहिलेली आजी डोक्याने ठणठणीत असली तरी गुण गमावते. हरियाणातल्या बल्लभगढमध्ये झालेल्या डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) अभ्यासासाठी निरक्षरांनाही चालेल अशी हिंदी चाचणी, एचएमएसई, त्यामुळेच करावी लागली. आधी चष्मा, कानाचं मशीन पाहा. कूलर बंद करा; चाचणीत लक्षात ठेवायला दिलेले तीन शब्द त्याच्या घरघरीत नीट ऐकूच आले नाहीत, तर ते आठवणार कुठून? सून शेजारी असली की उत्तर पुरवतेच, तिला बाहेर बसवा. 'साक्षर' लिहून भागत नाही, शिक्षणाची वर्षं लिहा. तारखेऐवजी तिथी सांगितली तर तशीच नोंदवा. गुण मात्र मॅन्युअलप्रमाणेच. नैराश्य, थायरॉइड, बी-12 ची कमतरता यांनीही विसराळूपणा येतो, त्यामुळे डिमेन्शिया हा शब्द डॉक्टरांवर सोडा.

ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद, शिकून ठेवाच. डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) साधारण 5 किलो-ओहमच्या खाली हवा, आणि डोक्याला तेल चोपडलेलं असेल तर तो उतरत नाही. आदल्या दिवशी शाम्पू करायला सांगा. मे महिन्यात घामाने रेषा संथपणे वरखाली तरंगते. म्हाताऱ्या मेंदूत आपण शोधतो त्याही संथ लहरीच, म्हणजे फसायला जागा भरपूर. खोली आधी गार करा.

क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे औषधांच्या माणसांवरच्या चाचण्यांत, कोऑर्डिनेटर व्हायचं तर जीसीपीचं, म्हणजे अशा चाचण्यांच्या नियमांचं, प्रशिक्षण घ्या. समुपदेशनाकडे ओढा असेल तर एक ध्यानात ठेवा: आरसीआयच्या (भारतीय पुनर्वास परिषदेच्या) नोंदणीशिवाय 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावता येत नाही.

आकड्यांत रमणाऱ्यांसाठी मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यास संस्थेचा लासी, म्हणजे वार्धक्याच्या देशव्यापी पाहणीचा, डेटा आहे: पहिली फेरी 2017-18, मुख्यतः पंचेचाळिशीपुढची 72,000 हून अधिक माणसं. अर्ज करून तो मिळतो. 'आर' ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिका, महाराष्ट्रापुरता एकच प्रश्न घ्या आणि सॅम्पल वेट (निवडलेला प्रत्येक माणूस किती लोकांचं प्रतिनिधित्व करतो तो भार) लावायला विसरू नका. नाहीतर टक्केवारी चुकते आणि मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.