शाब्लीचा चिखल आणि बारा पंप बोर्डो

निफाडच्या माणसाला द्राक्ष आणि पावसाचं जमत नाही हे कुणी शिकवावं लागत नाही. आम्ही एप्रिलला खरड छाटणी करतो, ऑक्टोबरला गोडी छाटणी, म्हणजे घड बाहेर पडेपर्यंत पावसाळा मागे गेलेला असतो, आणि तरी परतीचा पाऊस पोंग्यात, म्हणजे कोंब फुटतानाच, गाठतोच आणि घड जिरवून जातो. पण निदान छाटणीची तारीख तरी आपल्या हातात असते. फ्रान्समध्ये, बुरगुंडीतल्या शाब्लीत तेही नाही. वेल थंडीभर झोपते, एप्रिलमध्ये तिच्या मर्जीने फुटते, आणि मग मे महिन्यात आभाळात जे असेल ते मुकाट घ्यायचं.

मी 2024 च्या वसंतात तिथे होते. दिजाँला मास्टर्स चालू होतं आणि स्ताजसाठी, म्हणजे इंटर्नशिपसाठी, एका घरगुती इस्टेटीत मिळालं. 11 हेक्टर, सगळी शार्दोने, म्हणजे वाइनची पांढरी द्राक्षं, सगळं ऑरगॅनिक. घरात मालक, त्याची बायको आणि मालकाचे वडील, वय 78. त्यांना सगळे 'पापी' म्हणतात, फ्रेंचमध्ये आजोबांना लाडाने तसंच म्हणतात, पण मला पहिले पंधरा दिवस त्यांना हाक मारताना जीभ अडखळायची.

त्या वर्षीचा पाऊस कुठून सांगायला सुरुवात करावी तेच कळत नाही. ईस्टरला सरँ नदी गावात शिरली (सरँ म्हणजे शांत, नाव ठेवणाऱ्याने उन्हाळ्यात ठेवलं असणार). एप्रिलच्या शेवटी दव गोठलं, रात्रभर बागेत मेणबत्तीचे डबे पेटवले. 1 मे ला संध्याकाळी गारपीट झाली, आमचे दोन प्लॉट वाचले एवढंच म्हणायचं, शेजारच्या गावातल्या काड्या तर नुसत्या सोललेल्या. आणि त्यानंतर पाऊस. मुसळधार नाही, तो आला असता तर बरं, एकदाचा पडून गेला असता. ही झड. दोन तास रिपरिप, अर्धा तास ऊन, परत रिपरिप, आणि हवा अशी कोंदट की घरी बाग तशी झाली की अण्णा रात्री झोपत नाहीत.

इकडचे लोक तीन दहाचा नियम सांगतात. फूट 10 सेंटीमीटर, पाऊस 10 मिलिमीटर, तापमान 10 डिग्री, की डावणी, ही वेलीवरची बुरशी, आलीच समजा. तिला इथे मिल्दियू म्हणतात. आमची तिन्ही दहा कधीच ओलांडून झाली होती.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात मी खालच्या प्लॉटात फेलफुटी, म्हणजे नको असलेले फुटवे, काढत होते आणि एका पानावर तो डाग दिसला. पिवळट, तेल सांडल्यासारखा, एक रुपयाएवढा. पान उलटं केलं तर खाली पांढरी बुरशी, मिठाची चिमूट टाकल्यासारखी. मी ते पान तोडून मालकाकडे नेलं. तो काही बोलला नाही, डायरी काढली. त्या डायरीत तो फवारलेलं तांबं लिहितो, ऑरगॅनिकमध्ये डावणीवर मुख्य औषध तेच. युरोपात ऑरगॅनिक द्राक्षाला हेक्टरी 7 वर्षांत 28 किलोच तांबं मारता येतं, म्हणजे वर्षाला सरासरी 4 किलो, आपल्या एकराच्या हिशोबात 1 किलो 600 ग्रॅम. तांबं जमिनीतून जात नाही, साठत राहतं, म्हणून ही मर्यादा. आणि त्याच्या डायरीत त्या दिवशीपर्यंत हेक्टरी 2 किलो 300 ग्रॅम खर्च झालेलं होतं, फुलोरा अजून तीन आठवडे लांब. माझ्या मनात आलं की आपल्याकडे असता तर आत्तापर्यंत आंतरप्रवाही, वेलीच्या आत भिनणारं रासायनिक काहीतरी मारून मोकळा झाला असता. मनातच ठेवलं. त्याच्या शेजाऱ्याने त्याच आठवड्यात ऑरगॅनिक सोडून तेच केलं होतं आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर त्या विषयावर कुणी तोंड उघडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मेसेज, आठ ते एक उघडीप आहे, सगळं मारायचं.

इथे ट्रॅक्टर ओळींमधून जात नाही, ओळीच्या वरून जातो. आँजांबर म्हणतात, उंच पायांचा, ओळ पोटाखालून जाते, ड्रायव्हर वर बसलेला. खालचे सपाट प्लॉट साडेनऊपर्यंत झाले. मग वरचा उभ्या उताराचा तुकडा, 60 आर, आपला दीड एकर. त्यात वाफसा अजिबात नव्हता. तणनाशक मारत नाहीत म्हणून ओळीखाली नांगरट करतात, आणि तीच नांगरट आता लोण्यासारखी झालेली, चिकणमाती आणि चुनखडी, त्यात छोटे छोटे शिंपल्यांचे जीवाश्म, जे एरवी पर्यटकांना कौतुकाने दाखवतात. तिसऱ्या ओळीत ट्रॅक्टर खाली यायला लागला. चालत नव्हता, घसरत होता, तिरका, इंजिनाचा आवाज तोच आणि चाकं थांबलेली, आणि खाली मी उभी. पळा असं मला कुणी म्हटलं नाही, मी आपोआप शेजारच्या ओळीत शिरले. दोन खांब मोडले, चौदा वेली गेल्या, आणि मग तारांत अडकून थांबला. मालक वरून उतरला, हात थरथरत होते, त्याने सिगारेट काढली आणि पेटवलीच नाही.

दहा वाजून गेले होते. पश्चिमेकडे परत काळं झालं होतं.

पापी तेव्हा शेडच्या दारात आले. तिथे भिंतीवर जुना तांब्याचा पाठीवरचा पंप टांगलाय, व्हर्मोरेल कंपनीचा, त्यात जिरेनियमची फुलं लावलीत. त्यांनी बोट तिकडे केलं. मालकाला आधी वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. मग त्यांनी कोपऱ्यातून प्लास्टिकचे चार बाहेर काढले, 15 लिटरचे, नव्या लागवडीसाठी वापरतात ते.

हिशोब मीच केला, कारण हा हिशोब मला झोपेतही येतो. 60 आरला 180 लिटर पाणी, म्हणजे 12 पंप, चौघांत प्रत्येकी तीन. हेक्टरी 400 ग्रॅम तांबं म्हटलं तर इथे 240, पावडरीत तांबं 20 टक्के, म्हणजे पावडर 1 किलो 200, पंपाला 100 ग्रॅम. मालकाने मोबाइलवर परत करून बघितलं, बरोबर आलं, मग माझ्याकडे जरा वेगळं बघितलं. तोपर्यंत मला टाक्या धुणं आणि नोंदी ठेवणं यापलीकडे काही मिळालं नव्हतं.

बादलीत पावडर कालवली आणि मी सवयीने खिशातला चाकू त्यात बुडवला. तयार पावडरीला याची काही गरज नसते, पण घरी अण्णा मोरचूद आणि चुना वेगवेगळा भिजवून बोर्डो करतात तेव्हा विळा बुडवतातच, पात्यावर तांबूस चढलं तर चुना कमी पडला. पापी मोठ्याने हसले. म्हणाले पोरी, आम्ही खिळा टाकायचो. इथले म्हातारे अजून फवारणीला 'सुल्फाते' म्हणतात, मोरचुदाच्या नावावरून, औषध कुठलंही असो. आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली जी मला पुस्तकातून माहीत होती, की बोर्दोकडच्या मेदॉकमध्ये रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून खायचे म्हणून तिथे मोरचूद-चुन्याचं निळं पाणी मारायचे, आणि 1882 मध्ये मियार्दे नावाच्या प्राध्यापकाने बघितलं की बाकी बाग झडलीय आणि रस्त्याकडेची पानं हिरवी आहेत. चोरांसाठी केलेलं औषध. पापींचं वर म्हणणं, बोर्दोवाल्यांनी जगाला दिलेली एवढी एकच चांगली गोष्ट. हा माणूस बुरगुंडीचा, बोर्दोबद्दल याच्यापेक्षा गोड बोलणार नाही.

मग चढलो. पाठीवर 15 किलो, अंगावर प्लास्टिकचा सूट, आत घाम, बाहेर दमट, बुटाला प्रत्येक पावलाला किलोभर माती. डाव्या हाताने दांडा, उजव्या हातात नळी. मालक वरून मारत होता, छान निळं दिसत होतं, पण डावणी पानाच्या खालून शिरते, तिथली छिद्रं उघडी असतात. मी त्याला थांबवलं. नळी खाली घालून वर फिरवून दाखवली. विचारलं त्याने, कुठे शिकलीस. आमच्याकडे बाया सहसा फवारणीला नसतात, पण मी बारावीत होते तेव्हा अण्णांची पाठ धरली होती त्या सीझनला मीच मारलं होतं सगळं, रोज शाळेच्या आधी. हे फ्रेंचमध्ये नीट सांगता आलं नाही. 'घरी' एवढंच म्हणाले.

बाराव्या पंपाचं शेवटचं पाणी पावणेबाराला संपलं. खाली येऊन सूट काढले, कुणी काही बोलत नव्हतं, मालकाच्या बायकोने ब्रेड आणि सूप आणलं आणि आम्ही शेडमध्ये उभ्यानेच खाल्लं. बारा चाळीसला पहिला थेंब पत्र्यावर वाजला. पानं तोपर्यंत सुकली होती की नाही यावर मालक आणि पापी यांचं भांडण झालं, खरंखुरं, आवाज चढवून.

रात्री अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी डागाचा फोटो झूम करून बघितला आणि म्हणाले, "बाई, ही तर आपलीच." मग पहिला प्रश्न, पाऊस चालू आहे का. मी फोन खिडकीबाहेर धरला.

सकाळी सहाला मालक पर्जन्यमापकापाशी उभा होता, खांबावर अडकवलेली साधी प्लास्टिकची नळी. 24 मिलिमीटर. वीसच्या वर गेलं की तांबं धुऊन गेलं असं धरायचं. त्याने डायरी काढली, त्या प्लॉटपुढे आदल्या दिवसाचे 240 ग्रॅम लिहिले, धुऊन गेले तरी ते मोजायचेच असतात, शेजारी 24 लिहिलं, आणि पेन कानामागे अडकवून मला विचारलं, पंप धुऊन ठेवलेस ना?