माझा अनुभव: पाच स्वर, वीस शब्द आणि नाकारलेला यू

दिवाळीच्या सुट्टीत लेकीला एका आंतरशालेय स्पर्धेसाठी वीस इंग्रजी शब्द शोधायचे होते. ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर शब्दात हवेत आणि प्रत्येक एकदाच यायला हवा. क्रम कसाही चालेल. रविवारी रात्री बारापर्यंत ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. लेक सहावीत आहे. शब्द आम्ही तीन दिवसांत शोधले, पण त्यातल्या दोन शब्दांनी उरलेला आठवडा खाल्ला. त्या फॉर्मचा राग अजून गेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्या संध्याकाळी काहीच सुचेना. आपण मराठी माणसं शब्द कानाने ओळखतो. जसं ऐकू येतं तसंच लिहायची आपल्याला सवय. 'एज्युकेशन' म्हटलं की शेवटच्या 'शन'मध्ये आय आणि ओ दडलेत हे ऐकू येतच नाही. ते लक्षात आलं आणि वाट मोकळी झाली. 'शन'ने संपणारे शब्द घ्यायचे आणि त्याआधीच्या भागात ए, ई, यू एकेकदा आहेत का तेवढंच बघायचं. रेग्युलेशन, रेप्युटेशन, प्रिकॉशन, एक्झॉशन पटापट मिळाले. पॉप्युलेशन बाद, कारण त्यात ई नाही. इव्हॅल्युएशनमध्ये ए दोनदा येतो, तोही गेला.

दुसऱ्या दिवशी भाजीसाठी फ्लॉवरचे तुरे काढत होते. लेक ओट्याशी येऊन म्हणाली, "आई, याचं पूर्ण नाव सांग ना." कॉलिफ्लॉवर! तिने ओल्या ओट्यावरच बोटाने स्पेलिंग लिहून स्वर मोजले. पाचच्या पाच, एकेकदा. त्यानंतर ती घरभर वस्तूंची नावं तपासत फिरली. डायलॉग, टॅम्बोरीन, अल्ट्राव्हायोलेट तिचेच. सिक्वोया या झाडाच्या नावात तर सातच अक्षरं आणि त्यांत पाचही स्वर. फसीशस आणि अ‍ॅब्स्टेमियस या दोन शब्दांत ते ए-ई-आय-ओ-यू अशा ओळीनेच येतात, हे मला आधीपासून माहीत होतं.

आता फॉर्म. गुरुवारी रात्री वीस शब्द भरले. अठरा हिरवे झाले, दोन लाल: बिहेव्हिअर आणि फेव्हरिट. लाल अक्षरांत लिहून आलं, 'शब्द सापडला नाही'. एकही लाल असला की फॉर्म पुढे जात नव्हता. आम्ही पुन्हा टाइप केलं, मोबाइल बदलला, शेजारच्यांच्या लॅपटॉपवर करून पाहिलं. तेच. लेकीने इंग्रजीचं पाठ्यपुस्तक आणून दोन्ही शब्द दाखवले. ओ-यू-आर, स्वच्छ छापलेलं. मी शब्दकोश काढला, त्यातही तसंच.

शुक्रवारी आयोजकांना फोन केला. उत्तर मिळालं, "मॅडम, स्पेलिंग तपासा." मी म्हटलं, पुस्तकातलंच आहे. "सिस्टीम घेत नसेल तर चुकलंच असेल." एवढं बोलून फोन ठेवला. शब्दकोशाच्या पानांचे फोटो ईमेलने पाठवले. शनिवार गेला, उत्तर नाही. लेक विचारत होती, "मग मला शाळेत चुकीचं शिकवलं का?" त्या प्रश्नाने माझा जीव तळमळला.

शनिवारी रात्री उलगडा झाला. मी यू काढून 'फेव्हरिट' टाइप केलं तर शब्द सापडला, पण लगेच दुसरा लाल संदेश आला: 'यू नाही'. म्हणजे फॉर्मच्या मागची शब्दयादी अमेरिकन होती. अमेरिकन कोशकार नोआ वेबस्टरने १८२८च्या आपल्या शब्दकोशात फेव्हर, बिहेव्हिअर, कलर या शब्दांतला यू काढून टाकला, आणि अमेरिकेत तसंच रूढ झालं. आपल्याकडे शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकवतात. ज्या यूमुळे शब्द अटीत बसतो, तोच यू त्या यादीला मान्य नाही. यूसकट लिहिलं तर शब्द नाही, यूशिवाय लिहिलं तर स्वर नाही. भारतातल्या मुलांची स्पर्धा घेताना हे कुणी तपासलंच नव्हतं. मुलांना 'स्पेलिंग तपासा' सांगण्याआधी आपली यादी तपासायला हवी होती.

म्हणून ज्यांना असं काही भरायचं असेल त्यांनी 'ओयूआर'चे शब्द शेवटच्या क्षणासाठी ठेवू नयेत, आधीच टाकून बघावेत. ऑथराइजसारख्या शब्दात एस लिहा की झेड, स्वर तेच राहतात, तिथे भीती नाही.

एक गोष्ट खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवी होती. शब्द शोधून देणाऱ्या साइटवर पाच स्वर एकत्र टाइप करू नका. बऱ्याच ठिकाणी ती अक्षरं सलग असलेलेच शब्द शोधले जातात आणि हाती काही लागत नाही. त्यापेक्षा एखादी शब्दयादी स्प्रेडशीटमध्ये घ्या. सगळी अक्षरं लहान लिपीत करा, नाहीतर मोठा ए वेगळा धरला जातो. मग शब्दाच्या लांबीतून तो स्वर काढल्यावर उरणारी लांबी वजा करा, की तो स्वर किती वेळा आला ते कळतं. पाच स्वरांचे पाच रकाने करायचे आणि पाचही ठिकाणी एक असलेल्या ओळी निवडून घ्यायच्या. मी हे रविवारी दुपारी केलं आणि न्यूमोनिया हाती लागला.

विसावा शब्द मात्र लेकीने स्वतः काढला. भूगोलाच्या पुस्तकात भारतीय उपखंडाचा नकाशा बघताना तिला 'सबकॉन्टिनेंटल' सुचला. स्वर मोजताना ती थांबली, मग ओरडलीच, "आई, हे उलटे आहेत!" यू, ओ, आय, ई, ए. अगदी शेवटापासून पहिल्यापर्यंत. मी तिला जवळ घेतलं. साडेदहाला वीसही हिरवे झाले आणि फॉर्म गेला.

आयोजकांचं उत्तर आजपर्यंत आलेलं नाही. लेकीने वहीत वीस शब्द ओळीने लिहिले, खाली पट्टीने रेघ मारली आणि रेघेखाली बिहेव्हिअर, फेव्हरिट लिहून दोन्हीतल्या यूभोवती हिरव्या पेनाने गोल काढला.