गॉलमने अंगठी दिली की गमावली?

रविवार, रात्र

आज दिवसभर टॉल्किन यांच्या 'द हॉबिट' या कादंबरीच्या पाचव्या प्रकरणाचे जुने आणि नवे पाठ शेजारी शेजारी ठेवून वाचले. १९३७च्या पहिल्या आवृत्तीत गुहेत राहणारा गॉलम हा प्राणी कथानायक बिल्बोशी कोड्यांचा खेळ खेळताना आपली जादूची अंगठीच पणाला लावतो, हरल्यावर ती आणायला जातो, सापडत नाही म्हणून बिल्बोची पुन्हा पुन्हा माफी मागतो आणि त्या बदल्यात त्याला बाहेरची वाट दाखवतो. पुढे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही पुढची कथा लिहिताना हीच अंगठी जवळ बाळगणाऱ्याचे मन पोखरणारी ठरली, आणि अशी वस्तू गॉलम राजीखुशीने देऊ करील हे अशक्य होऊन बसले.

टॉल्किन यांनी १९४७मध्ये या प्रकरणाचा नवा खर्डा प्रकाशकांना केवळ नमुना म्हणून पाठवला होता. १९५०मध्ये त्याची मुद्रितेच तपासायला आली, तेव्हा तेही चकित झाले. १९५१च्या आवृत्तीपासून गॉलम 'चोर, चोर' असा आक्रोश करतो.

मला मोठे वाटते ते यापुढचे. जुना पाठ वाचलेले वाचक होतेच. त्यांच्यासाठी टॉल्किन यांनी तो पुसून न टाकता बिल्बोने सोबत्यांना सांगितलेली थाप ठरवला. अंगठी आपल्याला 'बक्षीस' म्हणून मिळाली ही बिल्बोची थाप आणि ती आपली 'वाढदिवसाची भेट' असल्याचे गॉलमचे पालुपद यांतले साम्य पुढच्या कथेत जादूगार गँडाल्फला खटकते, कारण बिल्बोसारख्या भल्या जिवालाही अंगठीने पहिल्याच दिवशी खोटे बोलायला लावले होते. लेखकाची विसंगती अशी पात्राच्या स्वभावात मुरलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

१९६६मध्ये पहिल्या प्रकरणातल्या खाण्यातले टोमॅटो काढले, ती दुरुस्ती किरकोळ आहे. १९६०मध्ये मात्र त्यांनी सगळे पुस्तकच नव्या वळणाने लिहायला घेतले होते. ते थोड्याच प्रकरणांनंतर सोडले, याचा मला मनापासून आनंद आहे.

झोपण्यापूर्वी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधले, अंगठीचे काय करायचे ते ठरवणाऱ्या एल्रॉन्डच्या सभेचे प्रकरण काढले. म्हातारा बिल्बो तिथे खरी हकिगत सांगायला उभा राहतो आणि पूर्वी वेगळे ऐकलेल्यांनी ते विसरून आपल्याला क्षमा करावी असे म्हणताना, त्या जुन्या प्रवासातला सोबती ग्लोइन याच्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहतो.