गल्लीची वाकळ

रविवार, रात्र

आज वाकळीला पहिला टाका पडला. मान समोरच्या आजींचा. दुसऱ्यांच्या वाकळी शिवून घर चालवलेल्या बायकांपैकी गल्लीत आता त्या एकट्याच उरल्यात.

कापड गोळा करतानाच खरी ओळख होते माणसांची. मी एकच गोष्ट ठरवून दिली होती, मापाची. एक वीत चौकोन, चारी बाजूंना बोटभर शिलाईला जादा. बाकी ज्याची त्याची मर्जी. हे बळ मला अमेरिकेतल्या एड्सच्या स्मृती-गोधडीनं दिलं. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनला ती पहिल्यांदा अंथरली तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. प्रत्येक ३ बाय ६ फुटांचा, साधारण एका कबरीएवढा. गेलेल्या माणसासाठी त्यावर काय शिवायचं, ते त्याच्या जवळच्यांनी ठरवलेलं. मापच तेवढं एक, म्हणून ते सगळं एकमेकांना जोडता आलं.

आमच्याकडे इरकलीचे काठ आले, शाळेच्या गणवेशाची निळी चड्डी आली, धोतर आलं. कोपऱ्यावरच्या वहिनींनी मात्र नायलॉनच्या साडीचा तुकडा आणला, त्यांच्या सासूबाईंच्या. नायलॉन सुईखाली सरकतं, सुतीबरोबर ओढलं की चुण्या पडतात. दोघीतिघींनी नको म्हटलं. मला ते पटेना. आजींनीच मार्ग काढला: त्यामागं जुन्या धोतराचा तुकडा लावायचा, दोन्ही आधी एकत्र टाचायचे, मग पटात घ्यायचे. वहिनींनी तो तुकडा स्वतःच टाचला, कुणाला हात लावू दिला नाही.

दुपारी देवळाच्या ओवरीत खाली धुवट नऊवारी, मध्ये सुती साड्या, वर तुकड्यांचा पट असं अंथरलं. कोपऱ्यांवर वरवंटे आणि विटा. मधून बाहेरच्या दिशेनं कच्चे टाके घातले, म्हणजे चुण्या कडेला निघून जातात. मग चारी बाजूंना बायका बसल्या आणि कडेकडून आत धावदोरा निघाला. आजींचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे. नववीतल्या दोन पोरींचे बोटाच्या पेराएवढे, वाकडे. दोन पुरुषही बसले, पैकी एकाचा हात शिंप्याचा, सरळ रेघ.

संध्याकाळी एका काकूंनी पोरींचे टाके उसवायला घेतले. मी त्यांचा हात धरला. टाका सुटत असेल तर शेजारी दुसरा घाला, पण उसवायचा नाही. काकू रागावल्या. तरी मी यावर ठाम आहे. पोरी पुढच्या रविवारी परत यायला हव्यात, आणि आपलं काम नाहीसं झालेलं दिसलं तर कोण येईल?

एक प्रश्न मात्र सगळ्यांना सारखा पडला होता: वाकळ राहणार कुणाकडे? देवळात ठेवली तर कसर लागेल. लिलाव कुणालाच नको. शेवटी ठरलं, गल्लीत जिच्या घरी बाळ येईल तिच्या घरी ती जाईल, बाळ रांगायला लागलं की धुऊन पुढच्या घरी. तोवर माझ्या ट्रंकेत, कडुनिंबाच्या पाल्यासोबत. गॅरेजवाल्याची सून सातव्या महिन्यात आहे, म्हणजे आपल्याला दिवाळीच्या आत मधल्या भागापर्यंत पोचायला हवं. उद्या दोऱ्याची रिळं आणायची, पांढरी नकोत, लाल.