बुके मुरबाडला जात नाही

ठाण्यात फुलं मागवावी लागत नाहीत, ती आपली येतात. नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत दूधवाला आणि पेपरवाला यांच्या मधल्या वेळात फुलपुडीवाला येतो, दाराच्या कडीला पुडी अडकवतो आणि निघून जातो. मला तो समोरासमोर दिसतो तो फक्त दिवाळीत, पोस्त मागायला येतो तेव्हा. पुडीत काय असावं हे तोच ठरवतो. चार झेंडू, एखाददोन शेवंती, तुळशीची काडी, सोमवारी बेल, मंगळवारी जास्वंद आणि दूर्वा. पूर्वी ही पुडी पळसाच्या पानात यायची, आता कालच्या पेपरात येते. एखादा झेंडू मऊ पडलेला निघतो, पण देव तक्रार करत नाहीत, मग आपण कशाला करा?

त्यामुळे फुलं घरपोच मिळण्याचं मला कधी अप्रूप वाटलं नाही. मात्र तीच फुलं दुसऱ्या गावात, दुसऱ्याच्या दारी पोचवायची म्हटलं, की काय काय लागतं ते मावशीच्या पंच्याहत्तरीला समजलं.

मावशी मुरबाडला राहते. ठाणेकरांना मुरबाड ठाऊक असतं ते माळशेजला जाताना चहाला थांबायचं गाव म्हणून, नाहीतर पौषातल्या म्हशाच्या यात्रेमुळे, बैलबाजारामुळे. कल्याणपासून तीसेक किलोमीटर, रेल्वे नाही, एसटी धरायची. वाढदिवस आला आठवड्याच्या मधल्या वारी, ऐन वैशाखात, आणि ऑफिसातून सुटका नव्हती. रविवारी सगळे जमणार होतेच. पण त्या दिवशी सकाळी तिच्या दारात काहीतरी जावं, असं मनात होतं.

मोबाइलवर फुलांची दुकानं उघडली. लिली, ऑर्किड, सेलोफेनमध्ये गुंडाळलेले लालभडक गुलाब, ‘दोन तासांत घरपोच’. पत्त्याच्या आधी पिनकोड विचारला. ४२१४०१ लिहिला, तर खाली लाल अक्षरांत नकार. दुसरीकडे तेच. तिसरं दुकान कल्याणच्या ४२१३०१ ला तयार, पुढे मात्र नाही. फुलांचं राज्य ४०० या आकड्यांत सुखाने नांदतं आणि ४२१ लागलं की त्याला धाप लागते.

या पिनकोडवर माझा राग नाही, उलट थोडा अभिमानच आहे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. टपाल खात्यातला मोठा अधिकारी, आणि संस्कृतात कविता नि नाटकं लिहिणारा माणूस. एकाच नावाची दहा गावं, पत्ते वेगवेगळ्या भाषांत, अक्षर कुणाचं लागतं कुणाचं नाही. त्यातूनही पत्र नेमक्या पोस्टात जावं, म्हणून हे सहा आकडे. म्हणजे लहानातल्या लहान गावापर्यंत पोचता यावं यासाठी जे केलं, तेच आता लहान गाव गाळायला कामाला येतंय. वेलणकरांनी यावर एखादा झणझणीत श्लोक रचला असता.

एका दुकानाने मात्र हिंमत केली. ऑर्डर घेतली, पैसेही घेतले. संध्याकाळी फोन आला, ‘मॅडम, जवळची खूण सांगा.’ मी एसटी स्टँड सांगितला, जुन्या भातगिरणीची गल्ली सांगितली. पलीकडे बराच वेळ टाइप केल्याचा आवाज. मग, ‘मॅडम, त्या भागात आमचा पार्टनर नाहीये. बुकेच्या ऐवजी चॉकलेट चालेल का? ते कुरिअरने जातं.’ पंच्याहत्तर वर्षांच्या, साखर असलेल्या बाईला चॉकलेट! पैसे परत मिळाले, तेवढं बरं.

या दुकानांकडे स्वतःची फुलं नसतातच. ऑर्डर घ्यायची आणि त्या त्या गावातल्या फुलवाल्याकडे सरकवायची. युक्तीही जुनीच. अमेरिकेतल्या फुलवाल्यांनी १९१० मध्ये संघटना काढली आणि एकमेकांच्या ऑर्डरी तारेने पाठवायला लागले. फुलं जागची हलत नसत, निरोप जाई. या साखळीला पलीकडच्या टोकाला बुके बांधणारा माणूस लागतो आणि तो मुरबाडला नसतो. तिथे असतो हारवाला.

जांभळी नाक्यावरच्या ओळखीच्या फुलवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, ‘मी झकास बांधून देतो, पण नेणार कोण?’ एसटीने पाठवू का, यावर त्याने माझ्याकडे पाहिलं ते कीव आल्यासारखं. मग हातातलं काम न थांबवता त्याने मला जर्बेरा दाखवला. देठाला पारदर्शक नळी चढवलेली होती. ती का? तर एवढं मोठं फूल पोकळ देठावर उभं असतं, पाणी जरा कमी पडलं की मान टाकतं. गुलाब येतात मावळातल्या हरितगृहांतून, कळी मिटलेली असतानाच कापलेले, थंडाव्यात ठेवलेले. त्यांना बाहेर काढलं की घड्याळ सुरू. देठ कापताना आत हवा शिरली तर पाणी वर चढत नाही, म्हणून तो बादलीत पाण्याखाली धरून कापायचा. आणि हो, फुलांच्या शेजारी पिकलेली केळी ठेवायची नाहीत, फळाच्या वायूने फुलं लवकर म्हातारी होतात. ‘आणि तुम्ही वैशाखात, एसटीत, कुणाच्या तरी आंब्याच्या पेटीशेजारी लिली पाठवणार?’ एवढं बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

शेवटी मावसभावाने मुरबाडच्या हारवाल्याचा नंबर दिला. फोन लावला, नाव सांगितलं आणि सवयीने पत्ता सांगायला लागले. त्याने अर्ध्यातच तोडलं.

‘शाळेतल्या बाईंकडे ना? मग पत्ता कशाला सांगता ताई? चौथीला त्यांच्याच हातचा मार खाल्लाय.’

बुके होईल का, असं विचारलं. ‘होईल की. पण मी सांगतो, नका घेऊ. इथे तो कागदच जास्त असतो. फुलं बाई दोन दिवस फ्रिजवर ठेवतील नि तिसऱ्या दिवशी टाकतील. त्यापेक्षा मोगऱ्याची वेणी करतो, घरच्या देवांना हार करतो, थोडी गुलछडी सुटी देतो, ती तांब्यात राहील.’ त्या दिवशी लग्नाची तिथी होती, मोगरा भाव खाणार, हेही त्याने आधीच सांगून टाकलं. आणि मग जरा आवाज खाली आणून, ‘ताई, वेणी... बाईंना चालेल ना? नाहीतर नुसता हार देतो.’

मावशीचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून मावशीच्या अंबाड्यात फूल मी पाहिलेलं नाही. तिला कुणी मनाई केली नव्हती, तिनेच सोडलं असावं. त्या काळच्या बायका असं काही बोलून सोडत नाहीत. कुठल्याही ऑर्डरच्या फॉर्ममध्ये हा रकाना नसतो आणि असता तर मला तो भयंकर वाटला असता. पण चौथीत तिचा मार खाल्लेल्या माणसाने विचारलं, तेव्हा ते योग्यच वाटलं. मी म्हटलं, ‘वेणी कराच.’

पैसे मोबाइलवरून गेले. सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला. टोपलीत वेणी, हार, गुलछडी आणि एका कोपऱ्यात त्याचा अंगठा. तासाभराने मावशीचा फोन.

‘अगं, माझ्या अंगणात फुलं काय कमी आहेत?’ आणि लगेच, ‘किती घेतले त्याने?’

अंगणात खरंच कमी नाहीत. अनंत आहे, जास्वंद आहे, अबोली आहे, पावसात सोनटक्का येतो, प्राजक्ताचा सडा पडतो. मावशी उजाडताच परडी घेऊन निघते, देवापुरती खुडते, उरलेली शेजारणीच्या नातीला देते. हे सगळं मी लहानपणापासून बघत आलेय. अंगणातली फुलं देवाला जातात, शेजारी जातात; अंगणाच्या मालकिणीला ती कुणी आणून देत नाही. वेणी तिने देवीला वाहिली की स्वतः माळली, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. किंमत मात्र मी कमी करून सांगितली. घरच्यांना फुलांची खरी किंमत सांगू नये, साड्यांसारखीच.

रविवारी गेले तेव्हा मुद्दाम त्याच्या टपरीवर डोकावले. त्याची बायको गजरे करत होती. केळीच्या सोपाचा धागा पाण्यात भिजवून मऊ केलेला. दोन कळ्या या बाजूला, दोन त्या बाजूला, मध्ये गाठ, की पुढच्या चार. नजर गिऱ्हाइकावर, बोटं आपली चाललेली. मोगरा कळीच आणायचा, हे तिने सांगितलं. पहाटे खुडलेली कळी संध्याकाळी उमलते, म्हणजे लग्नात वास येतो. उमललेला आणला तर वास टेंपोतच संपायचा.

फुलं आणता कुठून, विचारलं, तर कल्याणच्या मार्केटमधून. पहाटे जायचं, पहिल्या गाडीने परत. झेंडू कुठला? जुन्नर-ओतूरकडचा. आता ओतूर म्हणजे माळशेजच्या वर. तिकडचा माल घाट उतरून कल्याणला जातो तो मुरबाडवरूनच. म्हणजे हा झेंडू रात्री याच्या टपरीसमोरून पुढे जातो, कल्याणला भाव लागतो, आणि सकाळी हा त्याला परत घेऊन येतो! मी म्हटलं, वाटेतच उतरवून का घेत नाही? ‘एवढ्याशासाठी कोण ताडपत्री सोडतो?’ जव्हार-विक्रमगडकडच्या मोगऱ्याचंही असंच, झाड तिकडे आदिवासी पाड्यावर आणि भाव दादरला.

उलटा प्रवासही आहेच. भाद्रपदात ठाणे स्टेशनबाहेर कसारा-आसनगाव लोकलने आलेल्या बायका पाटीभर तेरडा, कळलावी आणि दूर्वांच्या जुड्या घेऊन बसतात. गौरीसाठी आम्ही ती जुडी घासाघीस करून विकत घेतो. मुरबाडच्या रस्त्याला तोच तेरडा दोन्ही अंगांनी माजलेला असतो, गाडी थांबवून हवा तेवढा उपटावा. मावशीला आमच्या जुडीचा भाव एकदा सांगितला होता, तर ती इतकी हसली की फोन शेजारणीकडे गेला आणि मला तो भाव पुन्हा सांगावा लागला. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणतात, पण निदान ते तीन दिवस त्याला ठाण्यात चांगले पैसे मिळतात.

हारवाल्याकडे आता माझा नंबर आहे आणि तो वापरण्यात त्याला संकोच नाही. दसऱ्याच्या आधी फोन आला, ‘ताई, बाईंच्या दाराला तोरण लावून देऊ का? झेंडू, आंब्याची पानं, मध्ये भाताच्या लोंब्या.’ लावा म्हटलं. ‘आणि बाई म्हणाल्या, ताईला पैसे कमी सांग.’ मी भाव विचारला. तो म्हणाला, ‘ते आज कसं सांगणार? कल्याणला माल उतरल्यावर कळेल.’