काम दिलं, पण सही कुणाची?

आमच्या सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत दोन प्रकारचे साहेब भेटतात. एक म्हणतो "हे मशीन आता तुझं, तूच बघायचं", आणि अर्ध्या तासात परत येऊन फीड कमी कर, टूल कुठलं लावलंस, असंच का लावलंस, आणि चहा पिताना लोकांना सांगणार की मी तर सगळं पोरांवर सोडलंय बाबा. दुसरा ड्रॉइंग टेबलावर टाकून जो गायब होतो तो माल रिजेक्ट होऊन परत आला की उगवतो, मग ज्याची शिफ्ट सापडेल त्याचा उद्धार.

मी आधी जिथं होतो (नाव नको) तिथं दुसऱ्या प्रकारचे होते. तिथं बोअरिंगचा, म्हणजे पीसमधलं भोक आतून मापात कापायचा, एक जॉब चालायचा. इन्सर्ट (टूलच्या टोकाला बसवायचा कापणारा तुकडा) झिजला की बोअर, म्हणजे ते भोक, हळूहळू बारीक यायला लागतो, फिनिश खराब होते, आणि ऑपरेटरला ते गेज लावायच्या आधी आवाजावरनंच कळतं. पण नवीन इन्सर्ट पाहिजे तर स्टोअरवाला म्हणणार सही आणा, आणि साहेब पुण्याला. मग काय, रेटा तसंच. तिथला सेटर म्हणायचा, "जबाबदारी आमची न् सही त्यांची, मग आमी करायचं काय ओ?" डेलिगेशनवरची, म्हणजे काम सोपवण्यावरची, बरीच लेक्चरं ऐकलीत पण त्या एका प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही.

आता माझ्याकडं टीम आहे तर इन्सर्ट ऑपरेटरनंच घ्यायचा, रजिस्टरला मशीन नंबर आणि किती पीस निघाले ते लिहायचं, बास. मी संध्याकाळी रजिस्टर बघतो. एखाद्या मशीनला नेहमीपेक्षा लवकर इन्सर्ट जायला लागले तर जाऊन विचारतो, ओरडायला नाही, बऱ्याचदा कास्टिंगच (ओतीव मालच) कडक आलेलं असतं आणि ते पोराला माझ्याआधी माहिती असतं.

आणि फर्स्ट पीस. शिफ्ट बदलली, टूल बदललं, सेटिंग हललं की पहिला पीस क्वालिटीकडं, तो पास झाल्याशिवाय लॉट सुरू नाही, हे शॉपमधल्या शेंबड्या पोरालाही माहिती असतं. माणसाला काम देताना मात्र आपण हे विसरतो आणि सगळं तपासणं शेवटावर ठेवतो. माझं मत असं की सुरुवातीला नीट वेळ द्या, पहिलं काम सोबत बसून बघा, मध्ये कधी बघणार ते आधीच सांगून ठेवा, आणि त्या मधल्या वेळात खरंच लांब राहा. आयटीआयमधनं आलेल्या नव्या पोराकडं दिवसातनं चारदा जावं लागतं, जुन्या माणसाकडं गेलं तर "काय अडचण?" एवढंच विचारायचं. दोघांना सारखंच वागवणं म्हणजे न्याय नाही, आळस आहे.

आता जरा विषय सोडून, पण तसा सोडून नाही. साताऱ्याकडं जाताना औंधला थांबलात कधी? लोक यमाई करतात, म्युझियममधली चित्रं बघतात आणि निघतात. तिथल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 साली आपल्या संस्थानाचा कारभार लोकांच्या हातात दिला, राज्यघटना करून, गांधीजींचा सल्ला घेऊन. राजानं स्वतः! त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर झालं, कैद्यांची खुली वसाहत, भिंती नाहीत, शेती करून राहायचं. मला भारी वाटतं ते हे की त्यांनी तोंडी "तुम्हीच बघा" म्हणून सोडलं नाही, कुणाला कशाचा अधिकार ते कागदावर आणलं. आणि राजेसाहेब कुठं निघूनही गेले नाहीत, तिथंच होते. आमच्याकडच्या कितीतरी मालकांना पाचशेच्या खरेदीची सही सोडवत नाही.

बरं, माझं सगळं जमलंय असं समजू नका. नाइट शिफ्टचं कोडं सुटलेलं नाही. रात्री मी नसतो, पोरं व्हॉट्सॲपला गेजचा फोटो टाकून "चालेल का?" विचारतात, आणि मी उत्तर दिलं की पुढच्या रात्री परत फोटो. सध्या उलट विचारायला लागलोय, "तुला काय वाटतं, आणि का?" शिफ्ट इन्चार्ज वैतागलाय माझ्यावर, म्हणतो साहेब हो-नाही सांगा की, पीस खोळंबलाय. त्याचंही बरोबर आहे. तुमच्याकडं रात्रीचं कसं करता, सांगा.