जॉनीचा उजवा हात

गिटार शिकायला लागून महिना झालेल्या पोराला रमोन्स हा अमेरिकी पंक रॉक बँड ऐकवा. ‘एवढंच? हे तर मीही वाजवीन,’ असं त्याला हमखास वाटतं. सूर तो बरोबर पकडतोही. त्यांच्या ‘ब्लिट्झक्रीग बॉप’ या गाण्याचं बहुतेक काम ए, डी आणि ई या तीन कॉर्डवर भागतं. पाचव्या पडद्यावर ई-आकाराचा बार (एका बोटाने आडव्या तारा दाबून धरलेली कॉर्ड) धरला की ए, तिथेच ए-आकार धरला की डी, आणि तोच आकार सातव्यावर सरकवला की ई. अर्ध्या तासात डावा हात तयार. मग तो रेकॉर्डबरोबर वाजवायला बसतो आणि दुसरं कडवं येईपर्यंत त्याच्या उजव्या हाताचं लाकूड झालेलं असतं.

या गाण्याची लय मिनिटाला साधारण १७५ ठोके. प्रत्येक ठोक्याला दोन आघात, म्हणजे मिनिटाला साडेतीनशे, सेकंदाला जवळजवळ सहा. एरवी इतक्या वेगात कुणीही एक आघात खाली, एक वर असाच वाजवेल. बँडचा गिटारवादक जॉनी रमोन सगळे खालीच मारायचा. वर जाणारा आघात आधी बारीक तारांना लागतो, त्यामुळे दर दुसरा आवाज पातळ पडतो. सगळे आघात खाली आले की दर वेळी जाड तार आधी बोलते, आणि आवाजाला कुठे फटच राहत नाही. किंमत एवढीच की प्रत्येक आघातानंतर हात तारांना न लागता रिकामा वर न्यावा लागतो. म्हणजे अर्धी मेहनत ऐकूच येत नाही.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. हात मनगटातून हलायच्या ऐवजी कोपरातून हलतो. पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, घट्ट आवळलं जातं. आणि दमल्यावर नकळत एखादा वरचा आघात घुसतो, जो वाजवणाऱ्याला कळत नाही पण ऐकणाऱ्याला लगेच कळतो. पिकचं टोक बोटांबाहेर दोन-तीन मिलिमीटरच ठेवावं, हाताची फेक तारांच्या रुंदीपेक्षा फार मोठी नसावी. ठोके देणारं यंत्र, म्हणजे मेट्रोनोम, मिनिटाला १२० वर लावून दोन मिनिटं सलग वाजवावं, आणि हात सैल राहिला तरच पाचाने वाढवावं. दुखायला लागलं तर थांबावं. दुखणाऱ्या हाताने वेग वाढत नाही. आणि जॉनीसारखी गिटार मांड्यांपर्यंत लोंबकळती ठेवायची हौस पहिले काही महिने आवरावी. डावं मनगट नको तितकं दुमडतं आणि बार मेलेला वाजतो. फोटो काढण्यापुरता पट्टा लांब करायला हरकत नाही.

हा साधेपणा अडाणीपणातून आला, असं समजणारे अजून भेटतात. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या फॉरेस्ट हिल्सची ही चार पोरं १९७४ मध्ये एकत्र आली. जॉनीने निळी मॉसराइट गिटार घेतली ती पन्नासेक डॉलरला, परवडत होती म्हणून. तिची मान बारीक, पडदे बसके. बार सरकवायला याहून सोयीचं काही नाही. ढोलावर आधी जोई होता. तो गायला पुढे आला तेव्हा नव्या ड्रमरची शोधाशोध झाली. येणारा प्रत्येक जण करामती दाखवायचा. शेवटी बँडचं व्यवस्थापन बघणारा, बुडापेस्टमध्ये जन्मलेला टॉमी स्वतःच बसला. एका हाताने हाय-हॅटवर (झांजांच्या जोडीवर) अखंड आठ मात्रा आणि दुसऱ्या-चौथ्या ठोक्याला स्नेअर हा कडक आवाजाचा ढोल, बाकी मोह टाळायचा. माझ्या मते रमोन्सचा खरा शोध हाच, काय वाजवायचं नाही याचा.

पहिला अल्बम १९७६ च्या फेब्रुवारीत साधारण आठवड्याभरात आणि ६,४०० डॉलरमध्ये रेकॉर्ड झाला. १४ गाणी, २९ मिनिटं. शिकणाऱ्यासाठी त्यात एक मोठी सोय आहे. बेस डाव्या बाजूला आणि गिटार उजव्या बाजूला ठेवलेली आहे. हेडफोनचा डावा कान काढला की जॉनी जवळजवळ एकटा ऐकू येतो. उजवा काढला की डीडीचा बेस. शिकवणी लावायची गरज नाही.

त्या वर्षी ४ जुलैला त्यांनी लंडनच्या राउंडहाउसमध्ये वाजवलं. अमेरिकेत मात्र अल्बम बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत १११ च्या वर चढला नाही. ‘गोल्ड’, म्हणजे पाच लाख प्रतींचा, ठरला तो २०१४ मध्ये. तेव्हा मूळ चौघांपैकी एकटा टॉमी हयात होता, आणि त्याच जुलैमध्ये तोही गेला. मधल्या काळात धंदा केला तो टी-शर्टने. बँडचा कलाकार मित्र आर्तुरो वेगा याने अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या मुद्रेवरून बेतलेलं ते बोधचिन्ह. गरुडाच्या एका पायात ऑलिव्हऐवजी सफरचंदाची फांदी, दुसऱ्यात बाणांऐवजी बेसबॉलची बॅट. एकही गाणं न ऐकलेले लोक तो घालतात याचा कट्टर चाहत्यांना राग येतो. येऊ द्यावा, त्याच शर्टांनी गाडीचं पेट्रोल भरलं.

जोई आणि जॉनी वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, तरी २,२६३ कार्यक्रम झाले, शेवटचा ६ ऑगस्ट १९९६ रोजी. पहिले चार अल्बम ओळीने ऐकावेत. पाचवा फिल स्पेक्टरने केला, आवाजावर आवाज रचून ‘ध्वनीची भिंत’ उभी करण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या निर्मात्याने. भिंत आधीच उभी होती, त्याने वर गिलावा चढवला. पुढचं निवडून ऐकलं तरी चालेल.

पण हाताची खरी परीक्षा ‘इट्स अलाइव्ह’ या थेट ध्वनिमुद्रणात आहे. १९७७ ची ३१ डिसेंबर, लंडनचं रेनबो थिएटर, तासाभराच्या आत २८ गाणी, आणि जवळपास सगळी मूळ रेकॉर्डपेक्षा जलद. गाणं संपतं, टाळ्या ओसरायच्या आत डीडी ‘वन टू थ्री फोर’ ओरडतो आणि पुढचं सुरू. त्यातली पहिली तीन गाणी न थांबता, एकही वरचा आघात न घुसू देता वाजवून बघावीत. तार तुटली तर उरलेल्या पाचांवर चालू ठेवायचं.